हळदीची कॅप्सूल: सुरू करायच्या आधी, घेताना अन् नंतर काय करायचं

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतले एक काका दुकानात आले, पिशवीतून चकचकीत बाटली काढली अन् काउंटरवर ठेवली. पुतण्यानं पुण्याहून कुरिअर केलेली. बाटलीवर हळदीच्या गड्ड्याचं चित्र, खाली मोठ्या अक्षरात अँटीऑक्सिडंट, साठ कॅप्सूल, किंमत तेराशे रुपये. काका म्हणले, "बघ की, हळद आपण पिकवायची अन् आपल्यालाच तेराशेला विकायलेत." मग इकडं-तिकडं बघून हळूच, "पण घेऊ का?"

मी वसमतला मेडिकल चालवतो अन् गावाकडं आमची भावा-भावात मिळून तीन एकर हळद असते, त्यामुळं हळद मला शेतातून बी दिसते अन् बाटलीतून बी. २०२४ ला वसमत हळदीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून तर आमच्याकडं हळदीवर बोलायचं म्हणजे अवघडच, चहाच्या टपरीवर बसलेला प्रत्येक माणूस तज्ज्ञ आहे. तरी रोज कुणी ना कुणी हाच प्रश्न विचारायलेत म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. तुमच्या चालू गोळ्यांची चिठ्ठी डॉक्टरला दाखवल्याशिवाय यातलं काही सुरू करू नका, हे आधीच सांगून टाकतो म्हणजे मागून कुणी म्हणायला नको.

पायरी १: अँटीऑक्सिडंट म्हणजे टाकीत भरायचं पाणी नाही, हे आधी समजून घ्या

ज्यांनी हळद शिजवताना बघितली त्यांना हे लवकर कळंल. काढणी झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये रानात कढई नाही तर कुकर लागतो, खाली जाळ, वर पिवळी वाफ, अंगाला तो मातकट उग्र वास, अन् जाळातून ठिणग्या उडत असतात. बाजूलाच हळदीचा वाळलेला पाला पडलेला असतो म्हणून एक जण ओलं पोतं घेऊन बसतो, ठिणगी पडली की पोतं टाकायचं. आमच्याकडं हे काम चुलत्याकडं असायचं, त्यांना झोप लागली की बाबा लांबून बारका खडा मारून उठवायचे.

शरीरात बी असंच चालतं. पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या भट्ट्या असतात, तिथं अन्न जळतं, ऊर्जा मिळते अन् थोड्या ठिणग्या उडतात, त्यांना फ्री रॅडिकल म्हणतात. या ठिणग्या पेशीच्या पडद्यातल्या चरबीला, प्रोटीनला, डीएनएला चटका देतात. त्या विझवायला शरीराचे स्वतःचे राखणदार आहेत. एसओडी नावाचं एन्झाइम ठिणगीचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं, अन् त्या पेरॉक्साइडचं पुढं पाणी करायला कॅटालेज आहे, ग्लुटाथायोनवर चालणारं एन्झाइम आहे. पेरॉक्साइड म्हणजे तेच, जे आम्ही मेडिकलमध्ये जखम धुवायला विकतो. जखमेवर टाकलं की फसफस फेस येतो बघा, लोकांना वाटतं जंतू मरायलेत म्हणून फेस आला. तो फेस म्हणजे तुमच्या रक्तातलं कॅटालेज पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन सोडतंय. म्हणजे तुमची अँटीऑक्सिडंट ताकद डोळ्यानं बघायची असेल तर ती अशी दिसते, अन् ती बाटलीतून आलेली नसते.

आता हळद यात कुठं बसते? हळदीतला पिवळा पदार्थ म्हणजे कर्क्युमिन, त्याचे दोन भाऊ आणखी आहेत, तिघांना मिळून कर्क्युमिनॉइड म्हणतात. काचेच्या नळीत कर्क्युमिन जबरदस्त अँटीऑक्सिडंट आहे, यात वादच नाही. पण तोंडावाटे घेतलं की रक्तात पोचतं ते इतकं थोडं की रक्तात आधीच असलेल्या युरिक ॲसिडपुढं अन् अल्ब्युमिनपुढं ते हजारात एक सुद्धा भरत नाही. म्हणून ते स्वतः पोतं घेऊन ठिणग्या विझवतं असं समजू नका. ते करत असेलच तर वेगळं काम करतं. कर्क्युमिन पेशीला थोडं बोचतं, त्या बोचण्यानं एनआरएफ-२ नावाचं प्रोटीन जागं होतं अन् ते पेशीला सांगतं की एसओडी वाढवा, ग्लुटाथायोन वाढवा. म्हणजे हळद ओलं पोतं घेऊन येत नाही, झोपलेल्या चुलत्याला खडा मारते. हे प्रयोगशाळेत पेशींवर अन् उंदरांवर चांगलं दिसलंय, माणसात किती होतं हे पुढं सांगतो.

अन् सगळ्या ठिणग्या विझवायच्या बी नसतात. पांढऱ्या पेशी याच ठिणग्यांनी जंतू मारतात. व्यायामाचा फायदा सुद्धा थोडा यांच्यामुळंच होतो, २००९ मध्ये जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात व्यायामासोबत रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी अन् ४०० युनिट ई दिलेल्या पोरांमध्ये व्यायामामुळं इन्सुलिनचं काम जे सुधारायला पाहिजे होतं ते सुधारलंच नाही. फिनलंडमध्ये तर २९ हजारावर सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली होती, १९९४ ला निकाल आला, बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. सगळ्यांना उलटंच वाटलं होतं. त्यामुळं "अँटीऑक्सिडंटच आहे, जास्त झालं तरी काय होतंय" हे वाक्य काउंटरवर ऐकलं की मी थोडा सावध होतो.

पायरी २: आपण घेणाऱ्यात बसतो का, हे बघा

ही पायरी कुणीच करत नाही अन् सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. जेवणातल्या हळदीबद्दल बोलत नाही मी, ती खुशाल खा. अर्काच्या, म्हणजे हळदीतलं कर्क्युमिन वेगळं काढून भरलेल्या कॅप्सूलबद्दल बोलतोय.

रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, वॉरफेरिन असो, क्लोपिडोग्रेल असो, रोजची ॲस्पिरिन असो, तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नाही. ऑपरेशन ठरलंय, दात काढायचाय, तर दोन आठवडे आधी बंद. पित्ताशयात खडे असतील तर नाहीच, कारण २०-४० मिलिग्रॅम कर्क्युमिननं सुद्धा पित्ताशय आकसतं हे सोनोग्राफीत दिसलेलं आहे, अन् खडा नळीत येऊन अडकला तर नांदेड गाठावं लागंल रात्रीतून. लिव्हरचा जुना आजार, नाही. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर शुगर आणखी खाली जाऊ शकते, ग्लुकोमीटर घरात पाहिजे. किडनी बदललेल्या माणसाला शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस नावाचं औषध चालू असतं, त्यानं तर हात बी लावू नये. गरोदर बाई अन् अंगावर पाजणारी माय, भाजीतली हळद पुरे.

मुतखड्याचं वेगळं सांगतो कारण आपल्या मराठवाड्यात ऊन मरणाचं, पाणी कमी प्यायलं जातं अन् बोअरचं पाणी जड, घरटी एकाला तरी मुतखडा झालेला असतो. हळदीच्या पावडरमध्ये खडा बनवणारं ऑक्झलेट असतं अन् ते पाण्यात सहज विरघळणारं असतं, म्हणजे आतड्यातून पटकन शोषलं जातं. रोज तीनेक ग्रॅम हळद पावडर सप्लिमेंट म्हणून घेतलेल्या लोकांच्या लघवीत ऑक्झलेट वाढलेलं आढळलंय. ज्यांना कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा एकदा होऊन गेलाय त्यांनी रोज सकाळी चमचाभर हळद कोमट पाण्यात ढवळून पिणं बंद करावं. हे सांगितलं की लोक माझ्यावर चिडतात, पण चिडू द्या.

अन् तिसरी गोष्ट लोहाची. कर्क्युमिन लोहाला धरून ठेवतं, अंगाला कमी लागू देतं. आपल्याकडच्या बायकांत रक्त कमी असणं किती साधी गोष्ट झालीय ते सरकारी दवाखान्यात लोहाच्या लाल गोळ्यांची रांग बघितली की कळतं. हिमोग्लोबिन ९ वर आहे अन् सूनबाई ऑनलाइन बघून हळदीच्या कॅप्सूल घ्यायलीय, हे उलटं काम झालं. आधी रक्त भरा.

पायरी ३: बाटलीच्या आधी डबा

स्वयंपाकघरातली हळद धड आहे का ते आधी बघा. सुट्टी पावडर स्वस्तात मिळती म्हणून घेऊ नका. जमलं तर मार्च-एप्रिलमध्ये ओळखीच्या शेतकऱ्याकडून वर्षाची हळकुंडं घ्या, घरात चार माणसं असतील तर दोन-अडीच किलो पुष्कळ होतात, खलबत्त्यात थोडी फोडून गिरणीवर दळून आणा. दळायच्या आधी एक हळकुंड तोडून आत बघा. चांगल्या सेलम जातीच्या हळकुंडाचं आतून गडद केशरी दिसतं अन् खट्कन तुटतं. वरून झळझळीत पिवळं, हाताला रंग लागतोय अन् आतून फिकट, असं असलं की मला शंका येते.

शंका कशाची, तर लेड क्रोमेटची. हा पिवळा रंग आहे, त्यात शिसं असतं, हळकुंडाला पॉलिश करताना चमक यावी म्हणून काही ठिकाणी लावतात. बांगलादेशात हा प्रकार २०१९ मध्ये संशोधकांनी उघडकीला आणला, मग सरकारनं बाजारात धाडी टाकल्या अन् दोन-तीन वर्षात तो जवळपास थांबला. शिसं लेकरांच्या मेंदूवर बसतं, ते परत निघत नाही. आपल्याकडं अन्नसुरक्षा नियमात हळदीत शिशाची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागात दहा भाग आहे. घरी एवढं करता येतं की ग्लासभर पाण्यात चमचाभर हळद टाकायची अन् हलवायचं नाही, चांगली हळद हळूहळू खाली बसते अन् पाणी फिकट पिवळं राहतं, रंग मिसळलेला असेल तर पाणी गडद पिवळं होतं. पण ही परीक्षा शिसं पकडेलच असं नाही, खात्री पाहिजे असेल तर नमुना लॅबलाच द्यावा लागतो. अँटीऑक्सिडंट म्हणून हळद खायची अन् तिच्यातून शिसं पोटात जायचं, शिसं तर स्वतःच ग्लुटाथायोन खाऊन टाकतं, म्हणजे राखणदारालाच मारायचं काम.

डबा काचेचा असेल तर उजेडात ठेवू नका. कर्क्युमिन उन्हानं मरतं, साडीवर हळद सांडली की आजी ती उन्हात टाकायला लावायची ते यामुळंच. स्टीलचा डबा, घट्ट झाकण, गॅसपासून लांब.

पायरी ४: फोडणी नीट घाला

म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्न संशोधनाच्या सरकारी संस्थेत २००७ मध्ये एक साधं पण मला फार आवडलेलं काम झालं. त्यांनी हळद उकळून, कुकरमध्ये शिजवून बघितली की कर्क्युमिन किती उरतं. २७ ते ५३ टक्के उडालं, सगळ्यात जास्त कुकरमध्ये दहा मिनिटं शिजवल्यावर. तूर डाळ सोबत असली तरी तेवढंच. पण चिंच घातली तेव्हा नुकसान १२ ते ३० टक्क्यांवर आलं. कारण कर्क्युमिनला आंबट मानवतं अन् खार सोसत नाही. याचा पुरावा घरात रोज बघतो आपण, हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हळदीत चुना घातला की कुंकू होतं.

म्हणून आमच्या घरी आता वरणाची डाळ नुसती शिजते, हळद नंतर फोडणीत. बायको आधी म्हणायची की डाळ पांढरी दिसती, आता सवय झाली. तेल तापलं, मोहरी तडतडली, जिरं-लसूण झाला, की गॅस बारीक करायचा अन् मग हळद, पाच-दहा सेकंद, लगेच डाळ ओतायची अन् चिंचेचा कोळ. हळद काळपट झाली म्हणजे जळली. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून तेलातली फोडणी ही नुसती चवीची गोष्ट नाही, करडईचं तेल असेल तर उत्तमच, शेंगदाण्याचं बी चालतं. सोबत मिरे ठेचून टाका, का ते पायरी ६ मध्ये सांगतो. डाळ पटकन शिजावी म्हणून खायचा सोडा टाकणाऱ्यांनी हळदीची अपेक्षा सोडून द्यावी.

पायरी ५: हिशोब करा

आता कागद-पेन घ्या. दळलेल्या हळदीत कर्क्युमिन धरा ३ टक्के, आमची हळद चांगली असेल तर ४-५ टक्क्यांपर्यंत जाते, विकणारा आठ टक्के म्हणला तरी तुम्ही तीनच धरा. एक छोटा चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम, त्यात कर्क्युमिन ९० मिलिग्रॅम. चार माणसांच्या भाजीत पाऊण चमचा पडतो, म्हणजे माणशी पंधरा-वीस मिलिग्रॅम.

आता कॅप्सूल. ५०० मिलिग्रॅम, ९५ टक्के कर्क्युमिनॉइड. म्हणजे ४७५ मिलिग्रॅम. तेवढं हळदीतून घ्यायचं तर सुमारे १६ ग्रॅम हळद लागंल, पाच-सव्वापाच चमचे, एका कॅप्सूलमागे! म्हणून "आपले पूर्वज रोज खातच होते की" हे कॅप्सूलला लागू होत नाही. पूर्वजांनी एका वेळी पाच चमचे हळद कधी खाल्ली नाही. जागतिक आरोग्य संघटना अन् एफएओ, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची अन्न व शेती संघटना, यांच्या तज्ज्ञ समितीनं खाण्याच्या रंगात वापरलेल्या कर्क्युमिनची रोजची मर्यादा किलो वजनामागे ३ मिलिग्रॅमपर्यंत ठेवलीय, साठ किलोच्या माणसाला १८०. चाचण्यांमध्ये याहून कितीतरी जास्त देतात अन् बहुतेकांना जुलाब, मळमळ यापलीकडं काही होत नाही हे खरं, पण चाचणीत डॉक्टर रक्त तपासत असतात अन् ती काही महिन्यात संपते. तुमची बाटली कोण तपासतंय?

उलटी फसवणूक बी असते. लेबलवर पुढं मोठ्यानं "हळद ५०० मिलिग्रॅम" अन् मागं बारीक अक्षरात कळतं की ही नुसती हळद पावडर आहे, अर्क नाही. म्हणजे कर्क्युमिन पंधरा मिलिग्रॅम, भाजीच्या एका वाटीएवढं. असली एक बाटली मी स्वतः आईसाठी मागवली होती, साडेआठशे रुपये, कॅप्सूल फोडून बघितली तर आमच्या डब्यातल्यापेक्षा फिकट हळद निघाली. आई हसली अन् ती पावडर तिनं बटाट्याच्या भाजीत टाकून दिली.

पायरी ६: मिऱ्याची भानगड

१९९८ मध्ये बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या संशोधकांनी लोकांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिलं, रक्तात जवळपास काही सापडलं नाही. मग त्याच्यासोबत २० मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे काळ्या मिऱ्यातला तिखट पदार्थ दिला, तर कर्क्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढलं. हा आकडा तुम्हाला अर्ध्या बाटल्यांवर दिसंल. पण अभ्यास छोटा होता, अन् जवळपास शून्याचे वीस पट केले तरी ते फार होत नाही. वीस मिलिग्रॅम पायपरिन म्हणजे साधारण आठेक मिरे.

मिरे हे कसं करतात तर लिव्हर अन् आतडं कर्क्युमिनला बांधून बाहेर टाकतं, तो रस्ता पायपरिन अडवतं. पण रस्ता अडवला की सगळ्यांचाच अडतो. फिटची फेनिटॉइन, बीपीची प्रोप्रॅनोलॉल, दम्याची थिओफायलिन, या गोळ्या रक्तात वाढू शकतात. दिवसाला चार-पाच गोळ्या खाणाऱ्या माणसानं पायपरिनवाली कॅप्सूल टाळलेली बरी. आजकाल फायटोसोम, नॅनो, मायसेल अशी नावं लावून बी शोषण वाढवलेल्या कॅप्सूल येतात, त्या महाग असतात अन् त्यांचा डोस मिलिग्रॅममध्ये कमी दिसतो, म्हणून एका ब्रँडचा डोस दुसऱ्या ब्रँडला लावायचा नाही.

पायरी ७: लेबल

पटकन सांगतो. अर्क आहे का पावडर, कर्क्युमिनॉइड किती टक्के, एका कॅप्सूलमध्ये प्रत्यक्ष किती मिलिग्रॅम, पायपरिन आहे का, अन्नसुरक्षा खात्याचा १४ आकडी एफएसएसएआय नंबर, बॅच, एक्सपायरी. सप्लिमेंटवर "औषध म्हणून वापरण्यासाठी नाही" अशा अर्थाची ओळ कायद्यानं असतेच, ती वाचा अन् मग वरची जाहिरात परत वाचा. "स्पेशल मिश्रण" म्हणून दहा वनस्पतींची नावं अन् एकाचंही वजन नाही, अशी बाटली परत ठेवा.

पायरी ८: सुरू करणं

एवढं सगळं वाचून बी घ्यायचीच असेल अन् डॉक्टर हो म्हणले असतील, तर आधी रक्त तपासा: हिमोग्लोबिन, एसजीपीटीसकट लिव्हरची तपासणी, किडनीसाठी क्रिएटिनिन. रिपोर्ट जपून ठेवा. मग ५०० मिलिग्रॅमची एकच कॅप्सूल, दुपारच्या जेवणानंतर, ज्या जेवणात तेल-तूप आहे. उपाशीपोटी नाही. लोहाची गोळी चालू असेल तर ती दुसऱ्या वेळेला. दोन आठवडे एवढंच. पोट ठीक राहिलं तर डॉक्टरला विचारून दुसरी. आठ आठवडे झाले की थांबा, लिव्हरची तपासणी परत करा. बाटली उघडल्याची तारीख झाकणावर मार्करनं लिहा, नाही तर आठ आठवडे कधी झाले ते कळतच नाही अन् माणूस वर्षभर घेत राहतो.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. डोळे पिवळे दिसायलेत, लघवी गडद चहासारखी, अंगाला खाज, अन्नावरची वासना गेली, यातलं एक जरी झालं तर कॅप्सूल त्याच दिवशी बंद अन् दवाखाना. आपल्याकडं यात एक घातक गंमत होते. पिवळं दिसलं तर घरचे म्हणतात, "हळद खातोय ना, मग पिवळं होणारच." नाही होत! हळद खाऊन डोळे पिवळे होत नाहीत, ती कावीळ असते. इटलीत २०१९ मध्ये हळदीच्या सप्लिमेंटनंतर लिव्हरला सूज आल्याच्या केसेस निघाल्या. अमेरिकेत लिव्हरच्या नोंदी ठेवणाऱ्या गटानं २०२२ मध्ये अशा दहा केसेस मांडल्या, एक जण दगावला, अन् दहापैकी सात जणांत एकच विशिष्ट जीन होता. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, पण ज्याला व्हायचं त्याला होतं, अन् तो आपण आहोत का हे आधी कळत नाही. म्हणून आधीचा रिपोर्ट जपून ठेवायचा.

पायरी ९: फरक कशात मोजायचा

काही लॅबच्या पॅकेजमध्ये "टोटल अँटीऑक्सिडंट कपॅसिटी" नावाची तपासणी असते. त्यावर पैसे घालू नका असं माझं मत. त्या आकड्यात मोठा वाटा युरिक ॲसिडचा असतो, म्हणजे ज्याचा अंगठा युरिक ॲसिडनं टम्म सुजलाय त्याची "अँटीऑक्सिडंट ताकद" कागदावर झकास येणार. अमेरिकेच्या कृषी खात्यानं तर पदार्थांच्या अँटीऑक्सिडंट आकड्यांचा ओरॅक नावाचा तक्ताच २०१२ मध्ये वेबसाइटवरून काढून टाकला, कारण नळीतल्या आकड्याचा माणसाच्या तब्येतीशी संबंध लागत नव्हता अन् कंपन्या तो जाहिरातीत वापरायल्या होत्या.

माणसांवरच्या काही चाचण्यांत कर्क्युमिननं हा टोटल आकडा थोडा वाढला, एमडीए नावाचा चरबी करपल्याचा आकडा थोडा उतरला. काहींमध्ये काहीच झालं नाही. बहुतेक चाचण्या छोट्या, दोन-तीन महिन्यांच्या, अन् शुगर-फॅटी लिव्हरच्या पेशंटवर. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रातल्या काही जाणकारांनी सव्वाशेच्या आसपास चाचण्यांचा आढावा घेऊन लिहिलं की कर्क्युमिन प्रयोगशाळेच्या परीक्षांना फसवतं, खरं औषध म्हणून अजून सिद्ध झालेलं नाही. त्यावर लगेच लोक मला पेटंटची गोष्ट सांगतात. अमेरिकेत १९९५ ला हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं होतं अन् शास्त्रज्ञ रघुनाथ माशेलकर सर तेव्हा प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं लढून १९९७ ला ते रद्द करून घेतलं. अभिमानाची गोष्ट आहे, पण त्यात एवढंच सिद्ध झालं की हे ज्ञान आपल्याकडं जुनं आहे. कॅप्सूल चालते का, हा प्रश्न त्या खटल्यात नव्हताच.

हळदीच्या बाजूनं त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे तो गुडघ्याचा. थायलंडमध्ये ३६७ गुडघेदुखीवाल्यांवर चार आठवडे चाचणी झाली, रोज १५०० मिलिग्रॅम हळदीचा अर्क विरुद्ध १२०० मिलिग्रॅम आयब्युप्रोफेन, २०१४ ला छापून आली, दुखण्यात आराम जवळपास सारखा अन् पोटाचा त्रास हळदीत कमी. म्हणून मोजायचंच असेल तर गुडघा मोजा. कॅलेंडरवर रोज संध्याकाळी शून्य ते दहा असा दुखण्याचा आकडा लिहा, कॅप्सूल सुरू करायच्या आधीचे दोन आठवडे बी लिहा. आठ आठवड्यांनी आकडा हलला नसेल तर बाटली दुसऱ्यांदा घेऊ नका.

पायरी १०: राखणदाराला जेवू घाला

एसओडीला जस्त, तांबं, मँगनीज लागतं, कॅटालेजला लोह, ग्लुटाथायोन प्रोटीनमधून बनतं. म्हणजे ज्वारीची भाकरी, डाळ, अंडी, मूठभर शेंगदाणे, जवसाची चटणी. हिवाळ्यात हरभऱ्याचा घोळाणा, अंबाडीची भाजी, आवळा. रोज अर्धा तास पायी फिरा, शरीर त्या ठिणग्या ओळखून स्वतःच राखणदार वाढवतं, हळदीपेक्षा जोरात खडा मारतं ते. अन् गालात गुटख्याची पुडी धरून जो माणूस मला अँटीऑक्सिडंट मागतो त्याला मी आता सरळ म्हणतो, दादा, आधी जाळ कमी करा.

तर ते काका. मी विचारलं, काका, सकाळची गोळी कोणती चालू आहे? त्यांनी खिशातून पट्टी काढली, क्लोपिडोग्रेल अन् ॲस्पिरिन एकत्र, दोन वर्षांपूर्वी स्टेंट टाकलेला. म्हणलं, मग ही बाटली आधी तुमच्या हार्टच्या डॉक्टरला दाखवा, तोवर झाकण उघडू नका. पंधरा दिवसांनी परत आले, डॉक्टर नको म्हणले होते. बाटली पुतण्याला परत पाठवता येईना, सील न तोडलेली तशीच त्यांच्या टीव्हीवर ठेवलीय म्हणले. जाता जाता दारात थांबून म्हणले, "तुझ्या भावाला सांग, शिजवणी झाली की दोन किलो हळकुंडं माझ्यासाठी काढून ठेव, पॉलिश नको."